खडी मशीनच्या आवारातला गाळ ओढ्यात जातो: टाकी मोठी करावी की वरून सुरुवात करावी?

आषाढसरी (धागाकर्ती), १६ मे

नमस्कार. सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यातल्या एका दगडखाणीवर आणि तिच्या खडी मशीनवर मी गेल्या डिसेंबरपासून स्थापत्य अभियंता म्हणून काम करते. खाणपट्टा ४ हेक्टरचा असून तो डोंगराच्या उतरणीवर आहे. त्यापैकी साधारण दीड हेक्टरमध्ये खाणीचा खड्डा आहे आणि उरलेल्या अडीच हेक्टरमध्ये खडी मशीन, खडीचे व कचीचे (दगड फोडताना पडणाऱ्या बारीक भुकटीचे) ढीग, वजनकाटा, वर्कशॉप, डिझेलची टाकी, डंपरचा रस्ता आणि खाण उघडताना काढलेल्या माती-मुरमाचा मोठा ढिगारा आहे. पट्ट्याच्या वर सुमारे ९ हेक्टर मोकळा डोंगर असून त्याचेही सगळे पाणी आमच्या आवारातूनच खाली ओढ्याला जाते.

गेल्या आठवड्यात वळवाचा एक जोरदार पाऊस झाला. फाटकाजवळ ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि २ मीटर खोल अशी गाळ बसवण्याची टाकी आहे. ती पाऊस सुरू होताच भरली आणि पुढचा सगळा वेळ गढूळ लोंढा तिच्यावरून तसाच ओढ्यात जात राहिला. दुसऱ्या दिवशी ओढ्याखालचे एक वयस्कर शेतकरी आले. ते एक शब्दही रागाने बोलले नाहीत. त्यांनी ओढ्याच्या पाण्याने भरलेली काचेची बाटली वजनकाट्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "पोरी, हे निवळतं का बघ." ती बाटली मी खिडकीत ठेवली आहे. आज तिसरा दिवस आहे. तळाशी दोन बोटे राखाडी थर बसला आहे, पण वरचे पाणी अजून कोऱ्या चहासारखे तांबूस आहे.

मालकांची खर्च करण्याची तयारी आहे आणि टाकी दुप्पट करावी असे त्यांचे मत आहे. मला त्याने भागेल असे वाटत नाही, पण ते पटवून देण्याइतका या कामाचा अनुभव माझ्याकडे नाही. मृग लागायला तीन आठवडे उरले आहेत. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे.

निवृत्त_जलसंधारण, १६ मे

आपली शंका रास्त आहे. आधी आकडे मांडू, म्हणजे मालकांनाही दाखवता येतील.

हिशेबापुरता पाऊस ताशी ६० मि.मी. धरू. प्रत्यक्ष आराखड्यासाठी जवळच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी काढाव्यात. डोंगरउतारावर पडलेल्या पाण्यापैकी निम्मे वाहून येते आणि आवारातल्या दाबलेल्या जमिनीवरून सात-दशांश येते, असे मानले तर डोंगराचे सेकंदाला पाऊण घनमीटर आणि आपल्या ४ हेक्टरचे जवळपास अर्धा घनमीटर, म्हणजे एकूण सेकंदाला सुमारे १.२ घनमीटर पाणी फाटकावर येते. आपली टाकी ४८ घनमीटरची आहे. ती चाळीस सेकंदांत भरते. दुप्पट केली तर ऐंशी सेकंदांत भरेल.

मात्र टाकी किती वेळात भरते यापेक्षा तिच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ किती आहे हे महत्त्वाचे असते. पाणी टाकीतून पलीकडे जाईपर्यंत कण तळाला टेकला पाहिजे, आणि ते त्याच्या बुडण्याच्या वेगावर ठरते. दशांश मिलिमीटरचा बारीक वाळूचा कण एक मीटर खाली जायला दोन मिनिटे घेतो. मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा, म्हणजे २० मायक्रॉनचा गाळाचा कण पाऊण तास घेतो. चिकणमातीचा २ मायक्रॉनचा कण तीन दिवसांहून अधिक घेतो, तेही पाणी पूर्ण स्थिर असेल तर. आपल्या २४ चौरस मीटरच्या टाकीत त्या लोंढ्यातला फक्त अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा जाड कण थांबत असणार. बाकी सारे वरून निघून जाते.

आता १.२ घनमीटरच्या लोंढ्यातून २० मायक्रॉनपर्यंतचा गाळ बसवायचा म्हटले, तर थोडी जास्तीची सोय धरून सुमारे ४,००० चौरस मीटर पाणपसारा लागेल. म्हणजे चाळीस गुंठे, अख्खा एकर. एवढी जागा आपल्याकडे नाही. पण डोंगराचे पाणी वरच्यावर वळवले आणि खड्ड्यात पडणारे पाणी खड्ड्यातच राहू दिले, तर टाकीकडे फक्त अडीच हेक्टरचे पाणी येईल. ते सेकंदाला ०.२९ घनमीटर भरते आणि त्याला दहा गुंठे पुरतात.

म्हणून पहिले काम टाकीचे नाही. पट्ट्याच्या माथ्यावर वळण-चर काढावी. खाणवाले तिला गारलँड ड्रेन म्हणतात. तळ ६० सें.मी., खोली ८० सें.मी., बाजूंना एकास एक उतार आणि लांबीत शंभराला एक उतार एवढी चर डोंगराच्या पाण्याला पुरेल, पण तिला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचे अस्तर, हवे. नुसत्या मुरमात एवढ्या वेगाचे पाणी चरीचाच गाळ करील. सरहद्दीपासून साडेसात मीटरचा जो पट्टा खोदकाम न करता सोडावा लागतो, त्यात ही चर बसते. ती खड्ड्याच्या कडेला चिकटवू नये, कारण झिरपलेले पाणी कडा सैल करते.

माणगंगा, १६ मे

काकांशी पूर्ण सहमत. माण तालुक्यात आम्ही पाणलोटाची कामे करताना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकलो, ती म्हणजे माथा ते पायथा. आपल्या कोरेगाव तालुक्यातले वेळू २०१६ साली आणि आमच्या माणमधले टाकेवाडी २०१८ साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिले आले, तेही डोंगरमाथ्यापासून श्रमदान करत खाली उतरल्यामुळे. गावाने आधी नाल्यात बांध घातला असता तर पहिल्याच वर्षी तो गाळाने भरला असता. खाणीच्या आवाराला मी वेगळा न्याय लावणार नाही.

वरच्या ९ हेक्टरांवर वन विभागाची किंवा मालकाची परवानगी मिळत असेल तर सलग समतल चर (उताराला आडवी, एकाच पातळीत जाणारी) खोदा. त्याने वळण-चरीवरचा भार कमी होईल. आवारातल्या ज्या घळीतून पाणी उतरते तिथे अनघड दगडी बांध घाला. दगड आपल्याकडे फुकट आहे, हे भाग्य आम्हाला नव्हते. दोन बांधांतले अंतर ठरवण्याची रीत सोपी आहे: वरच्या बांधाचा पाया आणि खालच्या बांधाचा माथा एका पातळीत आले पाहिजेत. घळीचा उतार शंभराला पाच आणि बांधाची उंची ६० सें.मी. असेल तर दर १२ मीटरवर एक बांध येतो. बांधाचा मध्य दोन्ही कडांपेक्षा खाली ठेवा, नाहीतर पाणी कडेने वाट काढते आणि बांध तसाच उभा राहून शेजारची माती कापली जाते. आमच्याकडे पहिल्या वर्षी अकरा बांधांपैकी चार याच चुकीने गेले होते.

खडीमशीन_मिरज, १७ मे

मी बावीस वर्षे खडी मशीन चालवत आहे, त्यामुळे थोडे वेगळे मत मांडतो. कागदावर हे सर्व योग्य आहे. पण चार हेक्टरच्या पट्ट्यात दहा गुंठे पाण्यासाठी सोडणे म्हणजे तेवढ्या जागेवरचा खडीचा साठा सोडणे. दगडी पिचिंगची चर आणि बांध यांना मजुरी लागते. लहान मशीनवाल्याला हे दर वर्षी परवडत नाही, आणि न परवडणारी गोष्ट दुसऱ्या वर्षी बंद पडते, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

माझ्याकडे मी जुना खड्डा वापरतो. आवारातले सगळे पाणी उतार देऊन त्यात घेतो. तिथे ते महिनोन् महिने थांबते आणि जानेवारीनंतर रस्त्यावर व मशीनवर धूळ बसवायला तेच पाणी फवारतो. गेली सहा वर्षे उन्हाळ्यात मला टँकर घ्यावा लागलेला नाही. धागाकर्ती ताईंनी आधी त्यांच्या खड्ड्याचा विचार करावा.

निवृत्त_जलसंधारण, १७ मे

आपला मुद्दा मोलाचा आहे आणि मी तो नीट मांडायला हवा होता. जिथे काम थांबलेला खड्डा आहे, तिथे त्याहून चांगली गाळटाकी नाही. पाणीही थोडेथोडके नसते. वर्षाला ५०० मि.मी. पाऊस पडणाऱ्या भागात ४ हेक्टरवरून सहा-दशांश पाणी जमा झाले, तर १२,००० घनमीटर होते. दहा हजार लिटरचे बाराशे टँकर. उन्हाने आणि झिरपेने त्यातला मोठा वाटा जाईल हे धरूनसुद्धा फवारणीला पुरून उरेल.

पण दोन गोष्टी पाळाव्या लागतात. खड्ड्यात काम चालू असेल तर पाणी उपसावेच लागते, आणि उपसताना फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाणी ओढणाऱ्या नळीच्या टोकाची झडप) तळाशी सोडला तर बसलेला सगळा गाळ पुन्हा ढवळून ओढ्यात जातो. मी एका ठिकाणी फूटव्हॉल्व्ह रिकाम्या प्लास्टिकच्या पिंपाला बांधून पृष्ठभागाच्या दीड फूट खाली लोंबकळत ठेवायला लावला होता. पातळी उतरेल तसे पिंपही उतरते आणि पंप नेहमी वरचे निवळ पाणी ओढतो. खर्च पिंपाचा आणि दोरीचा. दुसरी गोष्ट म्हणजे भरलेल्या खड्ड्याला भक्कम कुंपण हवे. उभ्या कडांच्या पाण्यात पोर किंवा जनावर पडले तर वर यायला जागा नसते.

काचपात्र, १७ मे

सांगलीत पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. मला या धाग्यातली सर्वांत बोलकी गोष्ट त्या आजोबांची बाटली वाटली. तिच्याकडे पुन्हा पाहू.

तळाशी बसलेला राखाडी थर म्हणजे बसाल्टची दगडभुकटी, अर्थात कचीच्या ढिगातून आणि मशीनखालून आलेली. दगडाची भुकटी जड असते आणि बहुतेक लवकर बसते. तीन दिवसांनंतरही वर तरंगणारा तांबूस रंग मात्र मशीनचा नाही. तो मातीचा आहे. बाटलीत पाण्याची उंची वीतभर धरली तर तीन दिवसांत एक मायक्रॉनपेक्षा मोठे सगळे कण खाली आलेले असणार. जे राहिले ते आपल्या काळ्या दगडाच्या झिजेतून तयार होणाऱ्या चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण आहेत. ते एकमेकांना दूर सारतात, म्हणून एकत्र येऊन जड होत नाहीत आणि बसत नाहीत.

याचा अर्थ असा की काकांच्या दहा गुंठ्यांच्या टाकीतही हा रंग थांबणार नाही. ती टाकी राखाडी थर थांबवेल. तांबूस रंग थांबवायचा असेल तर ती माती जागेवरून सुटूच द्यायची नाही, एवढाच खरा उपाय आहे. आवारात माती कुठे उघडी आहे? माझा अंदाज माती-मुरमाच्या ढिगाऱ्यावर आणि रस्त्यावर जातो.

आपण एक करू शकता. पुढच्या पावसात एकाच वेळी चार ठिकाणी बाटल्या भरा: वरून डोंगराचे पाणी आत येते तिथे, ढिगाऱ्याच्या पायथ्याला, रस्त्याच्या चरीत आणि मशीनच्या खाली. प्रत्येकीवर जागा आणि वेळ लिहून खिडकीत ओळीने ठेवा. कोणत्याही यंत्राशिवाय गाळ कुठून येतो ते दोन दिवसांत दिसेल. त्याचे नेमके प्रमाण मात्र प्रयोगशाळेतच मोजावे लागते.

पंचवीस_बिघे, १७ मे

टाकीत तुरटी सोडली तर चिकणमातीही बसेल ना? पाण्याच्या योजनांत हेच करतात.

काचपात्र, १८ मे

बसेल, पण मी ती पहिली पायरी कधीच सुचवणार नाही. पाणीपुरवठा योजनेत पाणी ठरावीक प्रमाणात येते, तिथे दर पाळीला चाचणी होते आणि मात्रा तशी बदलते. खाणीवर वळवाचा लोंढा वीस मिनिटांत येतो आणि जातो. त्या वीस मिनिटांत योग्य मात्रा कोण ठरवणार? तुरटी जास्त झाली तर पाण्याची आम्लता वाढते आणि ॲल्युमिनियम ओढ्यात जाते. मासे, बेडूक आणि खालची जनावरे यांना त्याचा त्रास होतो. साठवलेल्या स्थिर पाण्यासाठी, चाचणी करून, जाणकार माणूस उभा असताना तुरटी वापरता येते. वाहत्या लोंढ्यात पोती रिकामी करू नयेत.

येरळाकाठ, १८ मे

मी खटाव तालुक्यातला शेतकरी आहे आणि ओढ्याच्या खालच्या बाजूला राहतो, म्हणून खालची बाजू सांगतो.

आमच्या ओढ्यावर वर एक खाण आहे. गढूळ पाणी दिसायला वाईट दिसते एवढेच नुकसान नाही. ओढ्याचा तळ वाळू-गोट्यांचा होता, त्यातून पाणी झिरपून काठच्या विहिरी भरायच्या. त्या वाळूवर दगडपिठाचा थर बसला तो सिमेंटच्या गिलाव्यासारखा घट्ट झाला. ओढा वाहतो, पण विहिरीला पाझर येत नाही. पूर्वी ओढ्याला पाणी आले की आठ दिवसांत माझ्या विहिरीचे पाणी तीन-चार हात चढायचे. गेल्या दोन वर्षांत ते हातभरही चढलेले नाही. तो थर आम्ही एका ठिकाणी कुदळीने उकरला, तेव्हा त्याची खपली वहीच्या पुठ्ठ्यासारखी सलग निघाली. तेच पाणी ज्वारीच्या वाफ्यात शिरले, तिथे कोंब वर आले नाहीत.

आता वळण-चरीबद्दल. सूचना योग्य आहे, पण कृपया चर जिथे संपते तिथले पाहा. त्याच खाणीने दोन वर्षांपूर्वी डोंगराचे पाणी वळवून माझ्या भावकीतल्या एका शेताच्या बांधावर सोडले. पूर्वी पसरून येणारे पाणी एका तोंडाने आले आणि एका रात्रीत बांध व त्यामागची दोन गुंठे माती घेऊन गेले. स्वच्छ पाणीसुद्धा एकवटून सोडले की कापते. ते मूळ ओढ्यातच, पूर्वीच्याच जागी गेले पाहिजे.

निवृत्त_जलसंधारण, १८ मे

येरळाकाठ यांनी सांगितले ते प्रत्येक आराखड्यात पहिल्या पानावर असायला हवे. चरीच्या तोंडाशी मोठ्या दगडांचा पसरट गालिचा करावा. दगड पाण्याबरोबर सरकणार नाहीत एवढे मोठे असावेत, त्यांच्याखाली बारीक खडीचा थर असावा आणि पाण्याचा जोर तिथेच मोडावा. चर ज्यांच्या हद्दीजवळून जाते त्यांना आखणीच्या दिवशी जागेवर बोलवावे. चुना टाकून रेषा दाखवल्यावर लोक ज्या गोष्टी सांगतात त्या नकाशावर कधीच नसतात.

डंपर_बारा_चाकी, १८ मे

ताई, मी खाणीवर डंपर चालवतो. शिकलेला नाही, पण रस्ता रोज पाहतो. पावसात सगळ्यात जास्त चिखल रस्त्यावरून जातो. भरलेल्या गाडीच्या चाकांनी दोन चाकोऱ्या पडतात, पाणी त्याच चाकोऱ्यांतून ओढ्यासारखे पळते आणि चाके तीच माती पुन्हा मळून देतात. आमच्याकडे रस्त्यावर खड्डे बुजवायला कच टाकतात. ती पहिल्या पावसात पीठ होऊन जाते. त्याऐवजी जाड डबर दाबून वर ४० मि.मी.ची खडी टाकावी. रस्त्याला डोंगराच्या बाजूला ढाळ द्यावा, पाणी आतल्या चरीत घ्यावे आणि थोड्या थोड्या अंतरावर नळी टाकून ते पलीकडे काढावे. चाकोऱ्या दिसल्या की त्याच दिवशी ग्रेडर किंवा जेसीबी फिरवावा. उन्हाळ्यात पाणी मारतानाही बेताने मारावे. आमचा टँकरवाला इतके मारतो की कडक उन्हात चिखल होतो.

अर्जफाटे, १९ मे

कायद्याची बाजू थोडक्यात लिहितो, कारण पुष्कळ लहान पट्टेधारकांना ही कामे ऐच्छिक वाटतात.

पर्यावरणीय मंजुरीची अधिसूचना १४ सप्टेंबर २००६ ची आहे. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातल्या प्रकरणात दिलेल्या निकालानंतर पाच हेक्टरखालच्या गौण खनिजाच्या (दगड, मुरूम, वाळू अशा) पट्ट्यांनाही ही मंजुरी आवश्यक झाली. आपल्या मंजुरीपत्राच्या अटी काढून वाचा. वळण-चर, गाळटाकी आणि माती-मुरमाच्या ढिगाऱ्याला पायथ्याची भिंत या अटी त्यात बहुधा सापडतील. अटींच्या पूर्ततेचा अहवाल दर वर्षी १ जूनला आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. त्यामुळे आपल्या मालकांपुढे हा प्रश्न पंधरा दिवसांत तसाही येणारच आहे.

जमिनीवरच्या जलप्रवाहात सोडायच्या पाण्यात तरंगत्या घन पदार्थांची सर्वसाधारण मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम आहे. कोऱ्या चहासारखे पाणी या मर्यादेत असण्याची शक्यता मला कमी वाटते. वर्कशॉप आणि डिझेलच्या टाकीचे पाणी या सगळ्यात मिसळू देऊ नका. टाकीभोवती तिच्या क्षमतेपेक्षा जास्त डिझेल सामावेल असा बंदिस्त कठडा असावा आणि वर्कशॉपच्या ओट्यावर छप्पर असावे. तेल एकदा गाळात मिसळले की त्या गाळाची विल्हेवाट हा वेगळाच प्रश्न होतो.

पाचट, १९ मे

वाळवा तालुक्यातला ऊस उत्पादक. मातीच्या ढिगाऱ्यावर उसाचे पाचट अंथरा, असे सुचवतो. तोडणीनंतर शेतकरी ते जाळतात, त्यामुळे बहुतेक ठिकाणी नुसत्या वाहतुकीच्या खर्चात मिळते. पावसाच्या थेंबाचा मार मातीवर बसत नाही आणि पाणी हळू उतरते. आम्ही खोडव्यात ओलीसाठी ठेवतो, तिथे माती वाहून गेलेली मी कधी पाहिली नाही. उतारावर ते वाऱ्याने उडू नये म्हणून काथ्याच्या दोऱ्या आडव्या ताणून खुंट्या ठोका. त्याखाली मारवेल आणि स्टायलो या चाऱ्याच्या वनस्पतींचे बी टाका आणि पायथ्याला वाळ्याची एक ओळ लावा. वाळ्याची मुळे खोल सरळ जातात आणि ओळ दाट झाली की ती गाळणीसारखी काम करते.

खडीमशीन_मिरज, १९ मे

पाचटाची सूचना मला पटली. यात परवडत नाही असे म्हणायला जागा नाही. माझ्याकडच्या ढिगाऱ्यावर या वर्षी करून पाहतो.

आषाढसरी (धागाकर्ती), २४ मे

सर्वांचे मनापासून आभार. २१ तारखेला पुन्हा वळीव आला, तेव्हा काचपात्र ताईंनी सांगितल्याप्रमाणे चार बाटल्या भरल्या. डोंगरावरून आत येणारे पाणी तासाभरात बऱ्यापैकी निवळले. मशीनखालचे पाणी दाट राखाडी होते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते जवळजवळ स्वच्छ झाले. रस्त्याचे आणि ढिगाऱ्याच्या पायथ्याचे पाणी आजही तांबूस आहे. स्वच्छ पाणी आमच्या आवारात येऊन ढिगाऱ्याला धुऊन पुढे जात होते आणि आम्ही फाटकावर टाकी मोठी करण्याची चर्चा करत होतो.

चारही बाटल्या मी मालकांच्या टेबलावर ठेवल्या. काकांचा चाळीस सेकंदांचा हिशेब सांगितला. टाकी दुप्पट करण्याचे काम थांबवले आहे. जूनपूर्वी माथ्यावरची चर, ढिगाऱ्याचा उतार कमी करून पाचट आणि पायथ्याची दगडी भिंत, आणि रस्त्याची आतली चर एवढे करणार आहोत. गाळटाकीसाठी पूर्वेकडे सात गुंठे मिळत आहेत, दहा नाहीत. ती लांबट करावी का?

निवृत्त_जलसंधारण, २४ मे

लांबी रुंदीच्या निदान तिप्पट ठेवा आणि पाणी एका टोकाने घेऊन दुसऱ्या टोकाने सोडा. जागा चौकोनीच असेल तर मध्ये आडव्या भिंती घालून पाण्याला नागमोडी फिरवा. सात गुंठ्यांत २० मायक्रॉनऐवजी त्याहून थोडा जाड कण थांबेल. राखाडी भुकटीचा मोठा भाग त्यातही अडेल. सांडवा (जादा पाणी बाहेर पडायची वाट) दगडात बांधा आणि बांधाचा माथा सांडव्यावरच्या पाण्यापेक्षा अर्धा मीटर वर ठेवा. बांधाच्या पोटात काळी माती दाबून भरा आणि बाहेरून मुरमाचे कवच द्या. काळी माती उघडी राहिली तर उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसाचे पाणी त्याच भेगांतून बांध फोडते. टाकी गाळाने एक तृतीयांश भरली की तो उपसा. त्यासाठी आत एक रंगवलेली पट्टी उभी करा आणि उपसा मेच्या पहिल्या आठवड्यात, वळवाआधी संपवा.

आषाढसरी (धागाकर्ती), ९ ऑक्टोबर

उशिरा लिहीत आहे, कारण हस्ताचा पाऊस पाहूनच लिहायचे ठरवले होते.

माथ्याच्या चरीने जून-जुलै उत्तम काम केले. ऑगस्टमध्ये एका काटकोनी वळणावर तिची बाहेरची बाजू फुटली आणि दोन तास डोंगराचे पाणी पुन्हा आवारात आले. आम्ही ते वळण मोठ्या गोलाईचे करून बाहेरची बाजू दगड-सिमेंटने बांधली. पाचट अंथरलेल्या ढिगाऱ्यावर गवत चांगले आले आहे. मात्र पायथ्याच्या वाळ्याची निम्मी रोपे मेली, कारण जुलैत पंधरा दिवस पाऊस नव्हता आणि आम्ही पाणी घातले नाही. रस्त्याचा प्रश्न अर्धाच सुटला आहे. वरच्या भागात खडी टाकली, तो भाग टणक आहे. खालचा दीडशे मीटरचा भाग राहिला, तिथून अजून तांबूस पाणी येते. खड्ड्यातला फूटव्हॉल्व्ह पिंपावर तरंगतो आहे.

परवाच्या पावसात फाटकाबाहेर ओढ्यातून भरलेली बाटली मी त्याच खिडकीत ठेवली. तळाला नखाएवढा थर आहे. पाणी पूर्ण स्वच्छ नाही, पण बाटलीमागे ठेवलेल्या दिनदर्शिकेचे मोठे आकडे त्यातून वाचता येतात. मे महिन्यात बाटलीमागचा हातही दिसत नव्हता. प्रयोगशाळेचा अहवाल पुढच्या आठवड्यात येईल, तो इथे लिहीन.

आता एक नवा प्रश्न आहे. टाकीची पट्टी एक तृतीयांशाच्या वर गेली आहे. हा गाळ काढून कुठे टाकावा? गावातले दोघे तो शेतात टाकायला मागत आहेत.

येरळाकाठ, ९ ऑक्टोबर

ताई, देऊ नका, निदान तपासल्याशिवाय देऊ नका. धरणातला गाळ आणि मशीनची भुकटी वेगळी असते. ज्वारीच्या वाफ्यात काय झाले ते मी वर लिहिले आहे. आपल्या वयस्कर शेतकऱ्यांच्या विहिरीचे पाणी यंदा किती चढले ते मात्र त्यांना विचारून कळवा.

काचपात्र, १० ऑक्टोबर

सहमत. वर्कशॉपच्या बाजूचे पाणी टाकीत येत नसेल याची आधी खात्री करा. मग गाळ उंचावर, टाकीकडेच निथळेल अशा जागी वाळवा आणि खाणीच्या संपलेल्या भागात, माती-मुरमाच्या थराखाली भरा. वरचा थर गवत येईल एवढा जाड ठेवा.

आषाढसरी (धागाकर्ती), १० ऑक्टोबर

तसेच करते. आजोबांकडे आज संध्याकाळी जाऊन आले. विहिरीच्या पायऱ्यांवरून ते पाणी मोजतात. गेल्या वर्षी दसऱ्याला अकरा पायऱ्या उघड्या होत्या, आज नऊ आहेत. ते म्हणाले, यंदा पाऊसही बरा झाला आहे, तेव्हा अजून एक पावसाळा बघू.